लेदर, रबर किंवा युनिफॉर्म

विभा एरवी मला नावाने हाक मारते. 'अहो' ती फक्त दोन प्रसंगी म्हणते: सासूबाई शेजारी बसलेल्या असतात तेव्हा, आणि नाही म्हणायची सोय नसलेलं काम सांगायचं असतं तेव्हा. त्या दिवशी पुण्याहून तिचा फोन आला तेव्हा दोन्ही प्रसंग एकदमच उभे राहिले होते.

"अहो, यतीनच्या कार्यक्रमाला तुम्ही जायचं," ती म्हणाली. "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मी इथे तिच्या डोळ्यात थेंब घालत बसलेय. आपल्या घरातलं कुणीतरी तिथे हवं."

यतीन म्हणजे विभाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. मी बँकेच्या पोस्टिंगवर जपानात, तो सॉफ्टवेअरच्या काँट्रॅक्टवर. दोघंही कावासाकीत, मध्ये फक्त दोन स्टेशनं. आणि कार्यक्रम म्हणजे लेदर प्राइड वीकएंड. चामड्याचे कपडे घालणं हीच ज्यांची आवड, ओळख, अभिमान आणि मित्रमंडळ आहे, अशा माणसांचं दोन दिवसांचं संमेलन. बहुतेक सगळे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष. शनिवारी बाजार आणि ओळखीपाळखी, रविवारी स्पर्धा. यतीन स्पर्धेत उतरला होता.

मागच्या दिवाळीत पुण्याला जाऊन त्याने सासूबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. स्वतःबद्दल सांगितलं आणि ज्याच्याबरोबर राहतो त्या ताकेशीबद्दलही सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, "अजून एक लाडू घे" म्हणाल्या आणि उठून गेल्या. तेव्हापासून फोनवर त्या फक्त पाऊस, थंडी आणि दाढदुखी यांवर बोलतात. "ओरडली असती तर बरं झालं असतं, भावोजी," यतीन मला म्हणाला. "तिने मला हवामान खातं करून टाकलंय. स्पर्धेत प्रत्येकाला स्टेजवरून बोलायचं असतं. समोर सगळ्यांची माणसं असतात. माझ्यासमोर आपलं एक तरी माणूस बसलेलं पाहिजे."

आता मी पुरोगामी माणूस आहे. म्हणजे माझी तशी समजूत होती आणि ती तपासून बघायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, मला कुतूहलही होतं. ही माणसं तिथे जमून करतात काय? खातात काय? उकडत नाही का? हे प्रश्न बँकेत कुणाला विचारता येत नाहीत. मी हो म्हणालो.

"फक्त एक आहे," यतीन म्हणाला. "ड्रेस कोड आहे. लेदर, रबर किंवा युनिफॉर्म. यातलं काहीतरी अंगावर हवंच, नाहीतर दारातूनच परत पाठवतात."

माझ्याकडची चामड्याची एकूण मालमत्ता म्हणजे एक पाकीट आणि एक पट्टा. त्यातल्या पट्ट्यावर 'अस्सल लेदर' असा ठसा होता. जपानच्या पहिल्याच दमट उन्हाळ्यात तो ठसा असलेला पापुद्रा गळून पडला आणि आतून पुठ्ठा निघाला. मी हे सांगितल्यावर यतीनने स्वतःची एक लेदर पँट आणून दिली. यतीन रोज पोहतो. मी रोज पोहायचं ठरवतो.

पँट चढली. कशी चढली ते सांगत नाही, पण चढली. आरशात बघितलं तर कमरेखाली एक रुबाबदार तरुण आणि कमरेवर बँकेतला मी. क्षणभर बरं वाटलं. मग काढायला गेलो तर ती ढिम्म हलेना. बसता येईना, वाकता येईना, आणि पाऊल टाकलं की पँट कुईं करून ओरडे. नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

दारात मोरेश्वर दामले. हे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि पलीकडच्या इमारतीतले रहिवासी. कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे सल्ला तयार असतो आणि तो मागावा लागत नाही. मी कमरेला चादर गुंडाळून दार उघडलं.

"श्यामराव, परवाना मिळाला!" त्यांनी गळ्यात अडकवलेलं प्लास्टिकचं पाकीट माझ्या नाकासमोर धरलं. वॉर्ड ऑफिसच्या मेळाव्यात मंडळाचं लेझीम पथक उतरणार होतं आणि पार्कात तालीम करायला वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. लेझीम म्हणजे काय, ती फेकतात का, आवाज किती होतो, हे समजावून सांगायला मोरेश्वरराव इतक्या खेपा घालत होते की तिथल्या शिपायाला लेझमीचे चार हात यायला लागले होते. "रविवारी दुपारी स्टेशनजवळच्या पार्कात. तुम्हाला यायचंच आहे."

"रविवारी माझं ऑडिट आहे," मी म्हणालो.

"रविवारी?"

"जपानी ऑडिट."

हे त्यांना पटलं. पण मी बोलताना एक पाय मागे घेतला आणि पँटने कुईं केलं. मोरेश्वररावांनी माझ्याकडे, चादरीकडे आणि माझ्या ताठ उभं राहण्याकडे पाहिलं. "पाठ धरली आहे," त्यांनी निदान केलं. "सांधेही वाजतायत. एरंडेल चोळा. आणि कठीण जागी झोपा." मला भिंतीला टेकवून, श्वास कसा घ्यायचा ते दाखवून, ते बऱ्याच वेळाने गेले. शेवटी खोबरेल तेलाची बाटली रिकामी केली तेव्हा ती पँट सुटली. यतीन म्हणाला की तेलाने उलट चामडं मऊ झालं. माझं काय झालं ते त्याने विचारलं नाही.

लेदर बाद झालं. राहिलं रबर आणि युनिफॉर्म. आणि मला एकदम आठवलं की माझ्याकडे दोन्ही आहे!

त्याचं असं आहे की आमच्या गल्लीत रहिवाशांची एक समिती आहे. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा इथपासून सगळं ती बघते. दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर या समितीने आपत्तीची तयारी फार मनावर घेतली आहे. घरटी एकावर पाळी येते, त्या वर्षी ती माझ्यावर आली होती. मला पांढरं हेल्मेट, पाठीवर जपानी अक्षरं असलेलं झगझगीत नारिंगी जाकीट आणि काळे रबरी गमबूट मिळाले होते. सरावाच्या दिवशी हे घालून गल्लीत उभा राहिलो की शाळेतली मुलं मला वाकून नमस्कार करतात. आयुष्यात इतका मान मला दुसऱ्या कुठल्याही कपड्यात मिळालेला नाही.

फक्त जाकीट बाहेर न्यायला समितीच्या प्रमुख मियाशिता-सान यांची परवानगी लागते. या सत्तरी उलटलेल्या, टवटवीत, अतिशय नम्र बाई. त्यांच्या नम्रपणाचा अंमल सगळ्या गल्लीवर चालतो.

"श्याम-सान, जाकीट फक्त प्रत्यक्ष आपत्तीत किंवा आपत्तीविषयीच्या जनजागृतीसाठी वापरता येतं," त्या म्हणाल्या. "आपला कार्यक्रम कसला आहे?"

"कौटुंबिक," मी म्हणालो. "बरीच माणसं जमणार आहेत."

"उघड्यावर?"

"तळघरात."

मियाशिता-सानचे डोळे चमकले. "तळघर! मग तर जनजागृती व्हायलाच हवी." त्यांनी आतून 'भूकंप आल्यास काय कराल' या पत्रकांचा गठ्ठा आणला, माझ्या हातात ठेवला, आणि वर एक लाल शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "तुमच्या कुटुंबाची काळजी घ्या," त्या म्हणाल्या आणि मी खोल वाकलो.

शनिवारी त्या तळघराच्या जिन्यावरून मी हेल्मेट, जाकीट, गमबूट, शिट्टी आणि गठ्ठा असा उतरलो. दारात जाड मिशांचा, नखशिखांत काळ्या चामड्यातला, कपाटाएवढा माणूस उभा होता. मला बघून तो ताठ झाला आणि कमरेत वाकला. मग आत पळाला. मग हॉलचे मॅनेजर आले आणि तेही वाकले. त्यांनी मला आग विझवायची सिलिंडरं दाखवली. मागच्या दारासमोर खोकी होती, ती चार दणकट माणसांनी माझ्यादेखत भराभर हलवली. हे काय चाललंय ते मला कळेना. पण जपानी माणूस भरभर बोलायला लागला की गंभीर चेहऱ्याने मान हलवत राहायचं, ही सवय मला बँकेत लागली आहे. मी जितका गंभीर होऊन मान हलवे तितका मॅनेजरांचा घाम वाढे.

"भावोजी!"

यतीन होता. उघड्या अंगावर लेदरचं जाकीट, डोक्यावर टोपी. त्याने मला हेल्मेटपासून गमबुटापर्यंत बघितलं.

"युनिफॉर्म," मी खुलासा केला. मग पाय उचलून दाखवला. "आणि रबर."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो हसत होता की रडत होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी इन्स्पेक्टर नसून मेहुण्याच्या ओढीने आलेला नवखा आहे हे कळल्यावर मॅनेजर एका खुर्चीत बसले. त्या मिशाळ माणसाने मोठ्या मायेने माझ्या हेल्मेटवर एक स्टिकर चिकटवला. जपानात नवशिका ड्रायव्हर गाडीवर हिरवं-पिवळं पान लावतो, ते पान. पहिल्यांदा आलेल्या सगळ्यांना ते लावतात. अर्थ असा की याला सांभाळून घ्या, हॉर्न वाजवू नका.

आत नव्या चपलांच्या दुकानासारखा वास होता. नजर जाईल तिथे काळं चामडं, पट्टे, साखळ्या. आणि इतकी सभ्य माणसं मी बँकेच्या वार्षिक सभेतही पाहिलेली नाहीत. चहाला रांग, रांगेत दोन हात अंतर. छातीवर साखळी असलेल्या एका गृहस्थांनी मला एसीचा गारवा सोसतोय ना, असं विचारलं. पानामुळे प्रत्येकजण थांबून मला काहीतरी समजावून सांगत होता आणि मीही इतके दिवस साठवलेले प्रश्न विचारून घेतले. उन्हाळ्यात काय करता? "सोसतो." पावसात? "येत नाही." एक पिकल्या केसांचे आजोबा चामड्याला तेल कसं लावायचं ते शिकवत होते. मी खोबरेलाचा अनुभव सांगितला. ते अर्धा तास माझ्याशी बोलले.

त्यांनीच सांगितलं की त्यांनी पहिलं जाकीट घेतलं ते घरात तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. वर्षानुवर्षं. रात्री काढून नुसतं बघायचे. "इथे ते घालून चहा पितो," ते म्हणाले. "एवढंच करायला येतो खरं तर." मला एकदम त्यांच्याबद्दल फार वाटलं. म्हणून मी त्यांना पत्रक दिलं.

पत्रकं तर हातोहात संपत आली. लोक ती उभ्याने वाचत होते आणि शंका काढत होते. एकाने विचारलं की भूकंप आला तर हे सगळे पट्टे सोडून पळायचं की बांधलेल्या अवस्थेत? पत्रकात तसं काही नव्हतं. मियाशिता-सानना विचारून कळवतो म्हणालो.

मग मला एका उंच खुर्चीवर बसवलं. इथे बूट साफ करणं हे मानाचं काम समजतात. करणाऱ्याचाही मान आणि करून घेणाऱ्याचाही. खाली गुडघ्यावर बसलेला शांत चेहऱ्याचा माणूस ब्रश घेऊन माझ्याकडे बघून हसला. तो ताकेशी होता. मी त्याला एकदाच स्टेशनवर भेटलो होतो, तेव्हा यतीनने "रूममेट" अशी ओळख करून दिली होती.

"अहो, हे गमबूट आहेत," मी कळवळून म्हणालो. "रबरी. यांना कसलं पॉलिश!"

त्याने ऐकलं नाही. तो माझा एक एक गमबूट इतक्या मन लावून पुसत होता की माझाच जीव खालीवर व्हायला लागला. आपल्या पायाशी कुणी बसलं की मला सुचत नाही. मी पाय मागे ओढला आणि तो सटकून त्याच्या खांद्याला लागला. झालं. विचार करायच्या आत माझा हात खाली गेला, त्याच्या खांद्याला लागला आणि परत माझ्या छातीशी आला. लहानपणापासून पाय लागला की नमस्कार. त्यात माझा काही इलाज नसतो.

आजूबाजूचे सगळे बघत होते. ताकेशी मात्र अजिबात दचकला नाही. मान न वळवता तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "असू द्या, असू द्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"घर लहान आहे," तो मग जपानीत म्हणाला. "यतीनचा पाय लागतोच. दर वेळी हे करतो. पहिल्यांदा मला वाटलं प्रार्थना आहे. मग त्याने उत्तर शिकवलं."

सासूबाईंच्या घरातली ती जुनी सवय इथे एका तळघरात मला भेटली होती आणि ज्याने ती सांभाळली त्याला आम्ही वर्षभर रूममेट म्हणत होतो. मला लाज वाटली. लोकांना मात्र तो प्रकार भलताच आवडला. संध्याकाळपर्यंत त्या गर्दीत कुणाचा कुणाला धक्का लागला की साखळ्या खुळखुळत हात छातीशी जायला लागले.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसलो. पत्रकं जवळजवळ संपली होती, पण जाकिटाशिवाय आत सोडलं नसतं. विभाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर विभा, आणि तिच्या मागे खुर्चीत काळा चष्मा लावून, फोनकडे पाठ करून बसलेल्या सासूबाई.

"आईला अजून नीट दिसत नाही म्हणते," विभा हळूच म्हणाली. "म्हणून तिकडे तोंड करून बसलीये."

बाकीचे स्पर्धक बोलून झाले. शेवटी यतीन आला. त्याने हातातला माइक तोंडाशी धरला. त्याने मला बघितलं, माझ्या हातातला फोन बघितला, आणि सुरुवात केली. "माझं नाव यतीन. आज माझ्यासमोर..."

आणि वरचे दिवे हलले.

जपानात राहणाऱ्याला सांगायला नको, असा भूकंपाचा धक्का महिन्यातून एकदा तरी येतोच. लोक वर बघतात, दिवा थांबेपर्यंत थांबतात आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतात. इथेही सगळ्यांनी वर बघितलं. पण मग त्या सगळ्या नजरा वळल्या त्या थेट माझ्याकडे. हॉलमध्ये नारिंगी जाकीट एकच होतं. मिशाळ दरवान, मॅनेजर, चामड्यातले आजोबा, सगळे वाट बघत होते. माणसाला आयुष्यात एकदाच असं वाटतं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मी फोन खिशात टाकला, उभा राहिलो आणि शिट्टी वाजवली.

पुढचं सगळं अगदी सरावासारखं झालं. म्हणजे सरावाहूनही चांगलं. डोक्यावर हात, धक्काबुक्की नाही, मागच्या मोकळ्या दाराने एकामागून एक, जिना चढून शेजारच्या पार्कात. काहींच्या हातात पत्रक होतं. शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली होती.

"भावोजी," यतीन माझ्याजवळ उभा होता. माइक अजून त्याच्या हातात होता, तुटक्या वायरीसकट. "एवढ्याशा धक्क्याला कुणी बाहेर येतं का?"

छाती खाली गेली. तेवढ्यात मॅनेजर आले. एकदा रीतसर बाहेर काढलं की गॅस आणि छत तपासल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम. तपासणारा माणूस संध्याकाळी येणार आणि तोपर्यंत हॉलची वेळ संपणार. मग इथेच पार्कात उरकून घेऊ, मी म्हणालो. आयोजकांनी दुःखाने मान हलवली. पार्कात नुसतं उभं राहायला हरकत नाही, पण भाषण झालं, टाळ्या झाल्या, निकाल लागला, की तो कार्यक्रम होतो आणि कार्यक्रमाला वॉर्ड ऑफिसचा परवाना लागतो.

यतीन माइकची वायर हाताला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या भावोजी. तुम्ही आलात, तेवढं पुष्कळ झालं."

तो चिडला असता तर मला इतकं लागलं नसतं. घरातलं एक माणूस समोर असावं एवढंच त्याने मागितलं होतं आणि त्या माणसानेच त्याचं बोलणं बंद पाडलं होतं.

आणि त्या वेळी पार्काच्या दुसऱ्या टोकाहून हलगीचा आवाज आला. मागोमाग लेझमींची छमछम.

मी ताबडतोब घसरगुंडीमागे गेलो. पण माझं जाकीट अंधारात, धुरात आणि पुराच्या पाण्यातही लांबून दिसावं म्हणूनच बनवलेलं आहे.

"श्यामराव!" मोरेश्वरराव गळ्यात हलगी आणि परवाना अडकवून समोर उभे होते. मागे लेझीम पथक थिजून चामड्यातल्या जमावाकडे बघत होतं आणि जमाव लेझमींकडे. "ऑडिट पार्कात आहे का? आणि हे लोक कोण?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. बँकेचे ग्राहक. नाटकाची मंडळी. आपत्तीचा सराव, हे तर अगदी पटण्यासारखं होतं. मोरेश्वररावांना सांगितलेली गोष्ट रात्रीपर्यंत नागोयापासून सेंदाईपर्यंतच्या मराठी घरांत पोचते, हे मला माहीत होतं. मग मी यतीनकडे बघितलं. वायरीचं वेटोळं करून तो ताकेशीजवळ उभा होता आणि ताकेशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

"मोरेश्वरराव, तो तिथे टोपीवाला आहे ना, तो यतीन, माझा मेहुणा," मी म्हणालो. "शेजारी आहे तो ताकेशी, त्याचा जोडीदार. बाकी ही सगळी त्यांची माणसं. त्यांची स्पर्धा होती, यतीन बोलायला उभा राहिला आणि मी शिट्टी वाजवून ती बंद पाडली. मला तुमचा परवाना पाहिजे."

मोरेश्वररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग गळ्यातलं पाकीट उचलून मोठ्याने वाचायला लागले. "'भारतीय सांस्कृतिक कार्यक्रम आणि स्थानिक रहिवाशांशी स्नेहसंबंध.' मेहुणे भारतीय?"

"पुण्याचे."

"आणि बाकीचे?"

"स्थानिक रहिवासी."

"मग यात मला नियमबाह्य काही दिसत नाही." ते जरा जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही ऑडिट म्हणालात, त्याचं मात्र वाईट वाटलं." आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे त्या दिवशी पाठ नव्हती धरली!"

"नाही. पँट होती."

"आणि मी एरंडेल सांगितलं!"

"तेलाचाच उपयोग झाला," मी प्रामाणिकपणे म्हणालो. त्यांचं समाधान झालं. फक्त एक अट त्यांनी घातली: निकालानंतर कुणीही हलायचं नाही, लेझीम पूर्ण बघायची. त्यांच्या पथकाला आजवर प्रेक्षक मिळाले नव्हते.

यतीन बाकावर उभा राहिला. माइक आता चालत नव्हताच. "माझं नाव यतीन," त्याने जपानीत परत सुरुवात केली. "आज माझ्यासमोर माझ्या घरचं कुणीतरी असावं अशी माझी फार इच्छा होती. ते आलेत. गमबूट घालून आलेत. आत्ता तुम्हाला बाहेर काढलं ते त्यांनीच." सगळे हसले. "मला वाटायचं, आधी सगळं त्यांना समजेल, मग ते येतील. त्यांना अजून काही समजलंय असं वाटत नाही. पण आलेत."

माझा खिसा तेवढ्यात ओरडला. "अहो! केव्हाची हाका मारतेय! सगळा अंधार का आहे? एवढं काय हलतंय?"

कॉल चालूच होता! मी घाईने फोन काढून यतीनकडे धरला. मग विभाच्या मागून आवाज आला.

"त्याने आत गंजीफ्रॉक नाही घातला?"

विभा गर्रकन वळली. सासूबाई खुर्ची वळवून, काळा चष्मा कपाळावर चढवून, पडद्यावर डोळे लावून बसल्या होत्या.

"आई, तुला दिसतं?"

"मग ऑपरेशन काय हौस म्हणून केलं?" सासूबाई म्हणाल्या. "केवढा वारा आहे तिथे. झाडं बघ कशी हलतायत. श्यामराव, काहीतरी घाला त्याच्या अंगावर. आणि तो शेजारचा, तोही उघडाच आहे. त्यालाही बघा काहीतरी."

हेही हवामानच होतं म्हणा. पण यतीनने ते ऐकलं आणि बाकावरच खाली बसला. मी नारिंगी जाकीट काढून त्याच्या खांद्यावर घातलं. ताकेशीला मोरेश्वररावांनी मंडळाचं उपरणं दिलं. परीक्षकांनी आपसांत कुजबुज केली, की स्पर्धकाने मध्येच कपडे बदलले ते चालतं का. मिशाळ दरवानाने त्यांना ड्रेस कोड वाचून दाखवला. युनिफॉर्म चालत होता.

यतीन दुसरा आला. मग लेझीम झाली. ती संपेपर्यंत एकही माणूस हलला नाही आणि दुसऱ्या फेरीत तर निम्मे जण आत शिरले. सोमवारी मी जाकीट मियाशिता-सानना परत केलं. त्यांनी विचारलं, आपत्ती आली होती का? लहानशी आली होती, मी म्हणालो. माणसं सुखरूप? सगळी सुखरूप. पट्टे सोडायचे की नाही ही शंका मी त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांनी ती समितीच्या बैठकीत घेतली आहे.

त्या दिवशीचा फोटो विभाने पुण्यात बैठकीच्या खोलीत लावलाय. त्यात यतीन नारिंगी जाकिटावर उपविजेत्याचा आडवा पट्टा घालून उभा आहे आणि शेजारी उपरणं घेतलेला ताकेशी. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो आपण होऊन दाखवतात. यतीन दुसरा आला म्हणून सांगतात. कशात, ते पट्ट्यावर लिहिलंय, पण जपानीत असल्यामुळे सांगता येत नाही म्हणतात.

परवा शेजारच्या बाईंनी चष्मा लावून फोटो नीट निरखला आणि विचारलं, "आणि हा बाजूचा कोण हो?"

"तो ना," सासूबाई म्हणाल्या, "तो आमच्याकडचाच."